पाणबुड्यांचीं जुनीं घड्याळें : खरा भाग कसा ओळखावा



२०२१ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत जिनीव्हा शहरीं एका जुन्या मनगटी घड्याळाचा लिलाव झाला. घड्याळ ओमेगा कंपनीचें, स्पीडमास्टर जातीचें व १९५७ सालचें म्हणून पुकारलें गेलें होतें. बोली वाढतां वाढतां ३१ लाख स्विस फ्रँकांच्या वर गेली. विशेष गोष्ट अशी कीं, घेणारा दुसरा कोणी नसून स्वतः ओमेगा कंपनीच होती. तें घड्याळ आपल्या संग्रहालयांत असावें असा तिचा हेतु होता. पुढें दोनच वर्षांनीं, २०२३ सालीं, त्याच कंपनीनें जाहीर केलें कीं, हें घड्याळ अखंड मूळचें नसून निरनिराळ्या घड्याळांचे भाग एकत्र आणून जुळविलेलें आहे, आणि या व्यवहारांत आपल्याच कांहीं माजी नोकरांचा हात होता. ज्या घराण्यांत घड्याळ जन्मलें त्या घराण्यालाच त्याची ओळख पटूं नये, तर बाजारांत भिंग घेऊन उभ्या असलेल्या सामान्य संग्राहकाची कथा ती काय?

स्पीडमास्टर हें मोटारींच्या शर्यतींचा वेळ मोजण्यासाठीं निघालेलें घड्याळ. परंतु भागांची जी अदलाबदल त्या प्रकरणांत उघडकीस आली, ती पाणबुड्यांच्या घड्याळांत अधिकच आढळते. आणि याचें कारण त्या घड्याळांच्या जन्मांतच आहे. १९४३ सालीं फ्रान्समध्यें कूस्तो व गान्यां या दोघांनीं पाठीवर हवेची नळकांडीं बांधून पाण्याखालीं मोकळेपणानें श्वास घेण्याचें साधन तयार केलें. हवा मोजकी, आणि म्हणून वेळहि मोजका. घड्याळ चुकलें तर प्राणाशीं गांठ. फ्रेंच आरमाराच्या पाणबुड्यांच्या मागणीवरून ब्लाँपां या स्विस कंपनीनें १९५३ सालीं एक घड्याळ काढलें व त्याचें नांव ठेवलें ‘फिफ्टी फॅदम्स’, म्हणजे पन्नास वाव. हें अंतर ९१ मीटरांहून किंचित् अधिक भरतें. त्याच सुमारास रोलेक्स कंपनीचें सबमरीनर निघालें. १९५७ सालीं ओमेगाचें सीमास्टर ३००, तर १९६५ सालीं जपानांत सैको कंपनीचें पहिलें पाणबुड्याचें घड्याळ बाजारांत आलें.

या सर्व घड्याळांत चार गोष्टी समान आढळतात. बुडी मारल्यापासून किती मिनिटें झालीं हें दाखविणारें फिरतें कडें. अंधारांत प्रकाशणारी तबकडी व काटे. पाणी आंत शिरूं न देणारी किल्ली. आणि रबरी वॉशर घालून घट्ट आवळलेलें मागील झांकण. गंमत अशी कीं, आज ज्या भागांवरून घड्याळाचें मोल ठरतें, नेमके तेच भाग वापरानें सर्वांत आधीं खराब होतात. कडें खडकावर आपटून फुटतें, खाऱ्या पाण्यानें किल्ली झिजते, ओल शिरली कीं तबकडी डागाळते. त्या काळीं हें घड्याळ म्हणजे सुतारासारख्या कामकऱ्याचें हत्यार होतें, दिवाणखान्यांतील शोभेची वस्तु नव्हे. तें दुरुस्तीस गेलें म्हणजे घड्याळजी जुनी तबकडी फेंकून नवी बसवीत असे, आणि गिऱ्हाईक त्याचे आभार मानीत असे. या व्यवहारांत लबाडी मुळींच नव्हती.

म्हणून संग्राहकानें प्रथम एक भेद मनांत पक्का करावा. जुन्या घड्याळांतील भाग चार प्रकारचे असतात. पहिला, घड्याळाबरोबर कारखान्यांतून निघालेला. हा जन्माचा सोबती. दुसरा, त्याच कारखान्याचा, पण पुढें दुरुस्तीच्या वेळीं घातलेला. तिसरा, परक्या कारखान्यानें केलेला बदली भाग. आणि चौथा, जन्माचाच आहे असें भासविण्यासाठीं मुद्दाम तयार केलेला किंवा रंगविलेला. दुसऱ्या प्रकारचा भाग खोटा नव्हे. तिसराहि त्याच्या खऱ्या नांवानें विकला तर खोटा नव्हे. खोटेपणा धातूंत नसून विकणाऱ्याच्या शब्दांत असतो. तरी पण पहिल्या व दुसऱ्या प्रकारांत किंमतीचें अंतर एवढें मोठें असतें कीं, हा भेद न कळणाऱ्याची आयुष्याची पुंजी एका खरेदींत बुडूं शकते.

आतां हा भेद ओळखावयाचा कसा? न्यायाधीश जसा एकाच साक्षीदारावर विसंबत नाहीं, तसें घड्याळाच्या एकाच भागावर विसंबूं नये. प्रत्येक भागास वेगळें बोलतें करावें आणि मग सर्वांच्या जबान्या जुळतात कीं नाहीं हें पहावें.

पहिली जबानी क्रमांकांची. रोलेक्सच्या जुन्या सबमरीनरचा पट्टा सोडला म्हणजे पट्टा अडकविण्याच्या शिंगांमध्यें, बारा वाजण्याच्या बाजूस घड्याळाच्या जातीचा क्रमांक व सहा वाजण्याच्या बाजूस त्या एका घड्याळाचा स्वतःचा क्रमांक कोरलेला आढळतो. १९६० च्या आसपासच्या कित्येक घड्याळांत मागील झांकणाच्या आंतल्या अंगास एक रोमन आंकडा व त्यापुढें वर्षाचे दोन अंक उमटविलेले असतात. तीन हा रोमन आंकडा व त्यापुढें ६२ असेल, तर तें झांकण १९६२ सालच्या तिसऱ्या तिमाहींतील असें समजावें. शिंगांमधील क्रमांक १९७५ च्या सुमाराचा आणि झांकण १९६२ चें असें दिसल्यास दोघांपैकीं एक पाहुणा आहे हें उघड होतें.

सैको कंपनीची पद्धति याहून सोपी. तिच्या जुन्या घड्याळांच्या पाठीवर जो अनुक्रमांक असतो, त्याचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो व दुसरा महिन्याचा. दहाव्या, अकराव्या व बाराव्या महिन्यांसाठीं मात्र इंग्रजी ओ, एन व डी हीं अक्षरें येतात. ६१०५ या यंत्राचें पाणबुड्याचें घड्याळ १९६८ पासून १९७७ च्या सुमारापर्यंत निघत होतें. ‘अपोकॅलिप्स नाउ’ या १९७९ सालच्या चित्रपटांत कॅप्टन विलर्डच्या मनगटावर दिसतें तें याच जातीचें. अशा घड्याळाच्या पाठीवरील अनुक्रमांक १ व ३ या अंकांनीं सुरू होत असेल, तर तें १९७१ सालच्या मार्च महिन्याचें ठरतें. कारण १९६१ सालीं ही जात जन्मली नव्हती व १९८१ सालीं ती बंद झाली होती. मग तबकडीकडे वळावें. तिच्या खालच्या कडेस अतिशय बारीक अक्षरांत एक क्रमांक असतो व त्याचे पहिले चार अंक यंत्राच्या जातीचे असतात. ते ६१०५ नसतील तर तबकडी दुसऱ्या घरची. आणखी एक खूण आहे. १९७० च्या सुमारापर्यंत ही कंपनी पाण्याच्या संबंधांत इंग्रजी ‘प्रूफ’ हा शब्द लिहीत असे. त्यानंतर ‘रेझिस्ट’ असा शब्द आला. पाठीवर एक शब्द आणि तबकडीवर दुसरा, असें आढळलें कीं प्रश्न विचारण्यास जागा होते.

दुसरी जबानी तबकडीची, आणि सर्वांत महत्त्वाची तीच. घड्याळाचा चेहरा म्हणजे तबकडी. तिच्या फरकानें किंमत कित्येक पटींनीं वरखालीं होते. १९६६-६७ च्या सुमारापर्यंतच्या सबमरीनरवर चकाकणारी काळी तबकडी व सोनेरी अक्षरें असत. हीं अक्षरें काळ्या रंगावर लिहिलेलीं नाहींत. तबकडी पितळेची, अक्षरांची जागा वगळून बाकी पृष्ठभाग काळा केलेला, आणि वरून पारदर्शक लाखेचा हात. म्हणजे अक्षर म्हणून जें दिसतें तें काळ्या रंगांतून डोकावणारें पितळच होय. नव्यानें रंगविलेल्या तबकडीवर हीच अक्षरें सोनेरी शाईनें वर छापलेलीं असतात. भिंगाखालीं तबकडी तिरकी धरली तर तीं उंचवटलेलीं दिसतात. त्यानंतरच्या काळांत कारखान्यानेंच चकाकी नसलेल्या काळ्या तबकडीवर पांढरीं अक्षरें छापण्यास आरंभ केला. तेव्हां उंचवटा दिसला म्हणजे खोटेंच, असाहि नियम करूं नये. कोणत्या सालास कोणती रीत होती हें ठाऊक असणें हेंच खरें शास्त्र.

तिसरी जबानी प्रकाशणाऱ्या द्रव्याची. या द्रव्याचा इतिहास म्हणजे घड्याळाची जन्मपत्रिकाच म्हटली तरी चालेल. आरंभीं रेडियम वापरीत. अमेरिकेंत तबकड्या रंगविणाऱ्या मुली कुंचल्याचें टोंक ओठांनीं अणकुचीदार करीत व त्यामुळें दुर्धर रोगांस बळी पडल्या. त्यांचा खटला १९२८ सालीं तडजोडीनें मिटला. पुढें १९६० नंतरच्या वर्षांत स्विस कारखान्यांनीं रेडियम सोडून ट्रिटियम हें सौम्य द्रव्य घेतलें, आणि तबकडीच्या पायथ्याशीं ‘स्विस’ या शब्दाच्या दोहों बाजूंस इंग्रजी टी हें अक्षर येऊं लागलें. कांहीं तबकड्यांवर टी अक्षरापुढें पंचविसांहून कमी अशी गणिताची खूण असते. तिचा अर्थ किरणोत्सर्ग २५ मिलिक्युरीहून कमी. १९९३ सालीं जपानच्या नेमोतो कंपनीनें किरणोत्सर्गाशिवाय प्रकाशणारें नवें द्रव्य शोधलें व त्या दशकाच्या अखेरीस ट्रिटियमहि मागें पडलें.

या इतिहासावरून परीक्षा अशी होते. ट्रिटियमचें बळ सुमारें १२.३ वर्षांनीं निम्मं होतें. साठ वर्षांत तें मूळच्या तिसाव्या हिश्शावर येतें. तेव्हां १९६५ सालची म्हणून पुढें केलेली तबकडी दिव्याखालीं धरून अंधारांत नेल्यावर तासन् तास प्रकाशत राहिली, तर तें द्रव्य त्या काळाचें नव्हे. जुनें ट्रिटियम क्षणभर उजळतें व मालवतें. रेडियमची गोष्ट उलट आहे. त्याचें बळ निम्मं होण्यास १,६०० वर्षें लागतात. प्रकाश देणारी भुकटी जळून मेलेली असते, परंतु किरणोत्सर्ग जसाच्या तसा असतो. किरणोत्सर्ग मोजण्याचें यंत्र जवळ नेलें कीं त्याची टिकटिक तबकडीचें वय सांगते. कधीं कधीं घड्याळ वर्षानुवर्षें बंद पडून काटे एकाच जागीं राहिलेले असतात. मग त्यांच्याखालीं तबकडीवर करपल्यासारखी छाया उमटते. ही छाया खोटी करणें कठीण आहे.

रंगहि पहावा. जुनें द्रव्य पिवळसर किंवा तपकिरी होतें, व तबकडीवरील ठिपके आणि काटे सामान्यतः एकाच छटेकडे झुकतात. तबकडी तपकिरी आणि काटे पांढरेशुभ्र असतील, तर काटे मागाहून बदललेले. त्यांत लज्जास्पद कांहीं नाहीं. परंतु नव्या काट्यांस जुनी छटा यावी म्हणून चहा-कॉफीचे संस्कार करणारे महाभाग जगांत आहेत. अशा वेळीं भिंगानें कडा पहाव्या. कारखान्याचा ठिपका आपल्या मर्यादेंत राहतो. घाईनें भरलेलें द्रव्य कडेबाहेर ओघळतें व त्याची छटा सर्वत्र एकसारखी दिसते. नैसर्गिक म्हातारपण असें एकसारखें कधींच येत नाहीं.

राहिलेल्या साक्षीदारांचें म्हणणें थोडक्यांत ऐकावें. फिरत्या कड्यावरील आंकड्यांची चकती बहुधा ॲल्युमिनियमची असते. उन्हानें काळा रंग उतरून राखाडी होतो, पण तो एका बाजूस अधिक व दुसरीकडे कमी असा उतरतो. फिफ्टी फॅदम्सच्या आरंभींच्या कड्यांवर बेकेलाइट असे. तें ठिसूळ असल्यामुळें तडकलेलें कडें पाहून निराश होण्याचें कारण नाहीं, उलट निष्कलंक कडें पाहूनच सावध व्हावें. ओमेगाच्या प्लॅस्टिकच्या काचेच्या अगदीं मध्यभागीं, आंतल्या बाजूनें, कंपनीची इवलीशी खूण असते. ती भिंगाशिवाय दिसत नाहीं. काच, वॉशर व स्प्रिंग हे मात्र झिजण्यासाठींच जन्मलेले भाग होत. ते बदलले म्हणून घड्याळाची प्रतिष्ठा कमी होत नाहीं.

लष्करी खुणांविषयीं विशेष सावध राहावें. ब्रिटिश सैन्यासाठीं १९७० नंतरच्या दशकांत जीं सबमरीनर घड्याळें घेतलीं गेलीं, त्यांच्या तबकडीवर वर्तुळांत टी हें अक्षर, पाठीवर सरकारी बाणाची खूण आणि शिंगांमध्यें कायमच्या जोडलेल्या दांड्या असत. सैन्यांतून बाहेर पडल्यावर कित्येकांच्या दांड्या कापल्या गेल्या व काटे बदलले गेले, कारण नव्या धन्यास सुटा पट्टा हवा होता. आज त्याच खुणांस मोल आल्यामुळें साध्या घड्याळांच्या पाठीवर बाण कोरणारे हातहि तयार झाले आहेत. बाण कोरणें सोपें. परंतु बाण, तबकडी, काटे, दांड्या व क्रमांक या पांचांची एकवाक्यता साधणें सोपें नाहीं.

सर्वांत मोठें नुकसान मात्र लबाडीनें होत नाहीं, तें हौसेनें होतें. जुन्या घड्याळाच्या पोलादी अंगास कारखान्यानें दिलेल्या धारदार कडा असतात. दर दुरुस्तीच्या वेळीं ‘जरा चकचकीत करा’ म्हटलें कीं त्या कडा गोल होतात, शिंगें निमुळतीं होतात आणि शेवटीं क्रमांकहि पुसट होतात. भाग बदलला तर मूळचा शोधून परत बसवितां येतो. घासून गेलेलें पोलाद कोणीहि परत आणूं शकत नाहीं. ओरखडा हा पुरावा आहे. पॉलिश म्हणजे पुरावा नष्ट करणें होय.

कागदपत्रांचेंहि मोल जाणावें व मर्यादाहि जाणावी. लाँजीन्ससारख्या कंपन्यांनीं जुन्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. अमुक क्रमांकाचें यंत्र केव्हां व कोठें रवाना झालें हें तेथून कळूं शकतें. परंतु वही यंत्राविषयीं बोलते. साठ वर्षांत तबकडी किती वेळां बदलली हें तिला ठाऊक नसतें.

या ठिकाणीं मुंबईचा उल्लेख अपरिहार्य आहे. फेवर-ल्युबा या स्विस पेढीचा मुंबईशीं एकोणिसाव्या शतकापासून संबंध होता, आणि १९६० नंतरच्या दशकांत तिनें डीप ब्लू नांवाचें पाणबुड्याचें घड्याळहि काढलें. मुंबईच्या पावसाळी हवेनें तबकड्या लवकर डागाळत, व घरांतील जुनें घड्याळ पुन्हां नव्यासारखें दिसावें अशी लोकांची इच्छा असे. त्यामुळें तबकड्या रंगविणाऱ्या कारागिरांचा धंदा तेथें वाढला. परदेशांतील संग्राहक आज अशा भडक रंगविलेल्या घड्याळांस ‘मुंबई स्पेशल’ असें उपहासानें म्हणतात. हा उपहास सर्वस्वीं न्याय्य नाहीं. वडिलांच्या घड्याळाचा पुसलेला चेहरा उजळून देणारा कारागीर गिऱ्हाइकाची सेवाच करीत होता. दोष आहे तो तेंच घड्याळ ‘कधीं न उघडलेलें, अगदीं मूळचें’ म्हणून परदेशीं पाठविणाऱ्या व्यापाऱ्याचा. त्या एका शब्दानें कारागिराचा हुन्नरहि बदनाम होतो आणि गांवाचें नांवहि.

दोन इशारे देणें अवश्य आहे. रेडियमची तबकडी असलेलें घड्याळ हौसेनें घरीं उघडूं नये. तिची भुकटी श्वासावाटे शरीरांत जाणें घातक आहे. तें काम माहितगार घड्याळजीच्याच हातीं द्यावें. तसेंच, तबकडीवर दोनशें मीटर लिहिलें आहे म्हणून साठ वर्षांचें घड्याळ घालून पोहावयास जाऊं नये. तें वचन कारखान्यानें नव्या वॉशरच्या भरंवशावर दिलेलें होतें. दाबाची परीक्षा झाल्याशिवाय त्यास नळाचें पाणीहि लागूं देऊं नये; एका थेंबानें दुर्मिळ तबकडी कायमची जाते.

आणि शेवटीं खरेदीची रीत. विकणाऱ्यास तीन प्रश्न विचारावेत : कोणते भाग जन्माचे, कोणते बदललेले, आणि बदललेले जुने भाग कोठें आहेत? उत्तरें बिलावर लिहून मागावींत. प्रामाणिक विक्रेता ‘काटे दुरुस्तीचे आहेत, कडें नवें आहे’ असें स्वतःच लिहून देतो, आणि त्याच्याकडून घेतलेलें मिश्र घड्याळहि समाधान देतें. जो लिहावयास कचरतो त्याचें निष्कलंक घड्याळ सोडून द्यावें. घेणाऱ्यावरहि तेवढेंच कर्तव्य आहे. आपण दुरुस्तींत बदललेला प्रत्येक भाग लहान डबींत घालून, त्यावर तारीख लिहून, घड्याळाबरोबर ठेवावा. घड्याळ आज एकाच्या हातावर असतें, उद्यां दुसऱ्याच्या. त्या दुसऱ्यास खरें काय तें सांगण्याचें काम ही डबीच करील.